दोन पाकिटांची गोष्ट

निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत शाई लावलेल्या बोटांची छायाचित्रे येतात. पहिल्यांदाच मत देणारी कॉलेजकुमारी, काठी टेकत आलेले आजोबा, लग्नाच्या मांडवातून थेट केंद्रावर आलेली नवरी. या छायाचित्रांत एक बोट सहसा नसते. ते शाई लावणाऱ्याचे! शाईची बाटली ज्याच्या टेबलावर असते, तो स्वतः कुठे आणि कसे मत देतो, हा प्रश्न कोणाला फारसा पडत नाही. खरे सांगायचे तर कित्येकदा तो त्याला स्वतःलाही पडत नाही.

मी गोवा सरकारच्या सेवेतला एक कारकून. बी.ए. झालो, परीक्षा दिली, चिकटलो. २००७ पासून प्रत्येक निवडणुकीत कुठल्या ना कुठल्या टेबलावर बसत आलो आहे. कधी पहिला पोलिंग ऑफिसर, कधी दुसरा, एकदा टपाल मतांच्या मोजणीच्या टेबलावर. या टेबलाने मला जे शिकवले ते कुठल्याही प्रशिक्षणात शिकवले गेले नव्हते. म्हणूनच आज टपाली मतपत्रिकेविषयी लिहावेसे वाटले. विषय रुक्ष आहे, हे मान्य. पण वाचकहो, आपल्या घरात, वाड्यावर, ओळखीपाळखीत एक तरी सरकारी नोकर, शिक्षक, पोलीस किंवा सैनिक असतोच. नसला तर पंच्याऐंशी ओलांडलेली आजी असते. तेव्हा हा विषय तुमच्यापासून फार लांबचा नाही.

आधी हे टपाली मत कशासाठी, ते पाहू. विधानसभेच्या निवडणुकीत नोकराला बहुधा त्याच्या स्वतःच्या मतदारसंघाबाहेर नेमतात. मत पेडण्यात आणि ड्युटी केप्यात. अशा वेळी स्वतःच्या केंद्रावर जाऊन यंत्राचे बटण दाबणे शक्यच नसते. मग फॉर्म १२ भरून टपाली मतपत्रिका मागावी लागते. लोकसभेला गोष्ट थोडी सोपी. गोव्यात मतदारसंघ दोनच, उत्तर आणि दक्षिण. ड्युटी आपल्याच मतदारसंघात असली तर फॉर्म १२-ए भरून 'इलेक्शन ड्युटी सर्टिफिकेट' घेता येते आणि ज्या केंद्रावर काम करतो तिथेच यंत्रावर मत देता येते. प्रशिक्षणाच्या दिवशी हे दोन्ही फॉर्म समोर येतात आणि घाईघाईत चुकीचा भरला जातो. तेव्हा पहिली गोष्ट, आपली ड्युटी आपल्या मतदारसंघात आहे की बाहेर, हे नेमणुकीच्या आदेशावर पाहून मगच फॉर्मला हात लावावा. मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक आधीच एका चिठ्ठीवर टिपून न्यावा. एपिक नंबर पाठ असणारे बरेच भेटतात, भाग क्रमांक पाठ असणारा मला अजून भेटलेला नाही.

फॉर्म १२ मतदानाच्या किमान ७ दिवस आधी पोचला पाहिजे. निवडणूक निर्णय अधिकारी ही मुदत कमी करू शकतात, पण त्या भरवशावर राहू नये.

आता मुख्य गोष्ट. टपाली मतदाराच्या हाती चार-पाच वस्तू पडतात. एक मतपत्रिका. एक घोषणापत्र, त्याला फॉर्म १३-ए म्हणतात. एक लहान पाकीट, त्याच्यावर 'ए' हे अक्षर आणि मतपत्रिकेचा अनुक्रमांक. एक मोठे पाकीट, त्याच्यावर 'बी' आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा पत्ता. आणि सूचनांचा एक कागद, जो वाचायचे सोडून आपण घडी घालून खिशात ठेवतो.

एवढासा संसार, तरी यात चुका होतात. आणि त्या करणारे कोण, तर ज्यांचा जन्म फॉर्म भरण्यात आणि भरून घेण्यात गेला ते आम्ही! याचे कारण मला बराच काळ उमगत नव्हते. मोजणीच्या टेबलावर बसलो तेव्हा उमगले. आम्हाला हात दिसला की सही करायची सवय असते. कागद आला, सही. कागद गेला, सही. रजेचा अर्ज, टिपणी, हजेरीपट, जावक रजिस्टर, सगळीकडे सही. सरकारी नोकराच्या आयुष्यात येणारा एकच कागद असा आहे की ज्याच्यावर सही केली की तो बाद होतो, आणि तो म्हणजे मतपत्रिका. आणि त्याच पाकिटातला दुसरा कागद, घोषणापत्र, सही नसली की बाद होतो. दोन कागद, दोन उलटे नियम. पाठ करायला गेलात तर गोंधळ होणारच.

म्हणून मी पाठ करायला सांगत नाही. हे नियम असे का आहेत, तेवढे एकदा समजून घ्यावे. मग पाठ करण्याची गरजच उरत नाही.

आमच्या कार्यालयात एक ज्येष्ठ ताई होत्या, आता निवृत्त आहेत. कामात चोख. पण टपाली मत म्हटले की त्या अस्वस्थ व्हायच्या. एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "सायबान सय केली म्हणल्यार ताका कळटलें न्ही, हांवें मत कोणाक दिलें तें?" प्रश्न भोळा वाटेल, पण भोळा नाही. आपला गोवा केवढा! आमदार नावाने हाक मारतो, आमदाराचा भाऊ वर्गमित्र निघतो, आणि त्या भावाचा व्याही आपल्याच खात्यात वरच्या मजल्यावर बसतो. इथे बदलीची ऑर्डर कशी निघते आणि कशी थांबते, हे नोकराला कोणी समजावून सांगावे लागत नाही. यंत्रासमोर उभे राहिल्यावर माणूस एकटा असतो. टपाली मत मात्र कागदावर असते, त्याच्याबरोबर आपले नाव-गाव-हुद्दा असतो आणि वर साहेबांचा शिक्का! ताईंना भीती वाटली यात नवल ते काय? या भीतीपोटी पत्रिका मागवूनही ती तशीच कपाटात ठेवणारे लोक मी पाहिले आहेत.

ताईंना मी जे सांगितले तेच इथे सांगतो. ही सगळी दोन पाकिटांची खटपट कशासाठी आहे? तर तुमचे नाव आणि तुमचे मत यांची कधीही गाठ पडू नये यासाठी. मत लहान पाकिटात. नाव घोषणापत्रावर, लहान पाकिटाच्या बाहेर. दोघेही प्रवास करतात मोठ्या पाकिटातून, एकाच बसमध्ये शेजारी बसलेल्या दोन अनोळखी माणसांसारखे. उतरल्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या. बस्स, एवढेच तत्त्व. आता प्रत्येक नियम या तत्त्वावर घासून पाहा.

मतपत्रिकेवर ज्याला मत द्यायचे त्याच्या नावासमोर पेनाने एक स्पष्ट खूण करायची. बरोबरची चालेल, फुलीही चालेल. पण ती दोन नावांच्या मधल्या रेघेवर बसता कामा नये. मत नेमके कोणाला हा संशय आला की ते मत गेले. दोघांसमोर खूण केली तरी गेले. एकाच नावासमोर खूण दोनदा झाली किंवा पुसट उमटली, तर केवळ तेवढ्याने बाद होत नाही, मतदाराचा हेतू स्पष्ट दिसला पाहिजे. मात्र सही, आद्याक्षरे, अंगठा, 'देव बरें करूं' असा आशीर्वाद किंवा रस्त्याच्या खड्ड्यांविषयीची तक्रार, यातले काहीही लिहू नये. का? कारण त्यावरून मतदार ओळखता येतो. नावाची आणि मताची गाठ पडली! म्हणून बाद.

मग पत्रिकेची घडी घालून ती लहान पाकिटात, म्हणजे 'ए' मध्ये घालायची आणि पाकीट चिकटवायचे. त्यात दुसरे काहीही घालायचे नाही. घोषणापत्र तर मुळीच नाही.

यानंतर घोषणापत्र. त्यात मतपत्रिकेचा अनुक्रमांक लिहायचा आणि तो 'ए' पाकिटावरच्या क्रमांकाशी अंकन्अंक ताडून पाहायचा. सही अधिकाऱ्यासमोर करायची आणि त्या अधिकाऱ्याने ती साक्षांकित करायची. नाव, हुद्दा, शिक्का हे सारे तिथल्या तिथे पाहून घ्यावे. साहेब साक्षांकित करतात ती तुमची सही, तुमचे मत नव्हे. ही सही याच माणसाची, एवढेच ते सांगतात. त्या वेळी मतपत्रिका बंद पाकिटात असते आणि ती त्यांना दाखवायची नसते. ताईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते.

शेवटी बंद 'ए' पाकीट आणि उघडे घोषणापत्र, दोन्ही 'बी' मध्ये. ते चिकटवायचे आणि बाहेर पाठवणाऱ्याच्या सहीसाठी जागा असते तिथे सही करायची. झाले.

उरलेले अर्धे उत्तर मोजणीच्या टेबलावर आहे. तिथे कोणाची किती मते होती हे मी सांगणार नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२८ व्या कलमाखाली आम्ही गुप्ततेला बांधलेले असतो आणि ती मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण पद्धत सांगायला हरकत नाही, ती नियमांत छापलेलीच आहे. आधी मोठी पाकिटे एकेक करून फोडतात. घोषणापत्र आहे का, सही आणि साक्षांकन आहे का, क्रमांक जुळतो का, हे पाहतात. यातले काही चुकले तर लहान पाकीट फोडतच नाहीत. तसेच्या तसे, न उघडता, शेरा मारून बाजूला. जी बरोबर निघाली त्यांची घोषणापत्रे एकत्र करून सीलबंद करतात. आणि ती सीलबंद झाल्यावरच पहिले लहान पाकीट फोडले जाते. म्हणजे मत उजेडात येते तेव्हा तुमचे नाव लाखेखाली गेलेले असते!

कोणी हुशार विचारील, पत्रिकेवर क्रमांक असतो ना? असतो. पण कोणता क्रमांक कोणाला दिला त्याचे कागदही सीलबंद असतात आणि सक्षम न्यायालयाच्या आदेशाशिवाय ते कोणी उघडू शकत नाही. साहेबही नाही, आमदारही नाही.

त्या टेबलावर माझ्या मनात घर करून राहिली ती न फोडलेली लहान पाकिटे. आत मत असणार. ते देणाऱ्याने विचार करून दिले असणार. पण घोषणापत्र सापडत नाही, कारण बहुधा ते मतपत्रिकेबरोबर आतल्या पाकिटात गेलेले. किंवा सही आहे पण साक्षांकन नाही. शिक्षक, तलाठी, हवालदार, आमच्यासारखेच कोणी. दिवसभर हजार माणसांना मतदान करू दिले आणि स्वतःचे मत असे बंद पाकिटात मुके राहिले. आपण पोस्टात टाकलेले पत्र पोचलेच नाही, हे पाठवणाऱ्याला कधी कळतही नाही. दुःख असेल तर ते याचे.

"एका मताने काय होते?" हे वाक्य गोव्यात तरी कोणी बोलू नये. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत फोंड्याचा निकाल ७७ मतांनी लागला आणि सांत आंद्रेचा ७६ मतांनी. आपल्याकडच्या देवळातली एखादी पंगत याहून मोठी असते. गुजरातमधले धोळक्याचे प्रकरण तर प्रत्येक प्रशिक्षणात सांगितले पाहिजे. २०१७ च्या निवडणुकीत तिथला विजय ३२७ मतांचा होता आणि मोजणीत बाद ठरवलेल्या टपाली मतपत्रिका होत्या ४२९. प्रकरण न्यायालयात गेले आणि मे २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरवली. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, ही गोष्ट वेगळी. पण ४२९ पाकिटांनी एक निवडणूक न्यायालयात उभी केली, हे विसरता येत नाही. विजयाचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर त्या बाद पत्रिका पुन्हा तपासल्याच पाहिजेत, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. टपाली मत म्हणजे ताटातली चटणी नव्हे, हे आयोगालाही ठाऊक आहे.

आता थोडे अप्रिय. पूर्वी ही मतपत्रिका घरी नेता येई आणि मोजणी सुरू होण्याच्या वेळेपर्यंत परत पाठवता येई. २०१७ साली गोव्यात मतदान झाले ४ फेब्रुवारीला आणि मोजणी ११ मार्चला. मधले दिवस ३५! एवढे दिवस कोरी मतपत्रिका घरात असली म्हणजे काय होते, हे सरकारी नोकरांच्या बायकापोरांना विचारा. संध्याकाळी अंगणात स्कूटर थांबते. "सहज आलो होतो." चहा होतो. मग विषय निघतो. एका सहकाऱ्याला तर अशा पाहुण्याने सरळ सांगितले, "भाई, तुम्ही कशाला त्रास घेता? पत्रिका आमच्याकडे द्या, आम्ही पोचवतो." सहकारी गरीब, पण ताठ. म्हणाला, "बाबा, पोस्टमनने चावी मागितली तर घर देतात काय?" पाहुणा चहा अर्धा टाकून गेला. पण सगळेच असे बोलू शकत नाहीत. मुलगी नोकरीसाठी अर्ज करून बसलेली असते, बदली डोक्यावर असते. पत्रिका पुढे केली जाते आणि लाज मात्र घरातच राहते.

२०२३ साली निवडणूक संचालन नियमांत दुरुस्ती झाली आणि ही अंगणातली स्कूटर बरीचशी बंद झाली. आता निवडणुकीच्या कामावरच्या मतदाराने सुविधा केंद्रातच पत्रिका घ्यायची, तिथेच आडोशाला मत नोंदवायचे आणि तिथेच परत करायची. साक्षांकनाला अधिकारी तिथेच असतो. काहींना ही कटकट वाटते, "आमच्यावर विश्वास नाही काय?" म्हणतात. मला तसे वाटत नाही. विश्वास आमच्यावर आहे, अविश्वास त्या पाहुण्यावर आहे. फक्त एक करावे. सुविधा केंद्राचे दिवस आणि वेळ प्रशिक्षणाच्या दिवशीच विचारून घ्यावी. उद्या जाऊ म्हणणाऱ्याचा उद्या यंत्रे ताब्यात घेण्याच्या रांगेत जातो.

टपाल खरोखर वापरणारे राहिले ते मुख्यतः सैनिक. त्यांना २०१६ नंतर मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने जाते. ते ती छापून घेतात, खूण करतात आणि पोस्टाने परत पाठवतात. दोन पाकिटे आणि घोषणापत्र त्यांनाही चुकलेले नाही. सीमेवरून पाकीट यायला दिवस लागतात आणि मोजणीच्या ठरलेल्या वेळेनंतर आलेले पाकीट उघडले जात नाही. तेव्हा मुलाचा फोन आला की जेवलास काय विचारतो, त्याच्या जोडीला पाकीट टाकलेस काय, हेही विचारावे.

आणि आपल्या आज्या-आजोबा. २०२२ साली ८० वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता आले. २०२४ च्या लोकसभेपासून वयाची अट ८५ झाली. त्यासाठी फॉर्म १२-डी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून ५ दिवसांत द्यावा लागतो. बीएलओ तो घरी आणून देतात. पथक आधी कळवून घरी येते. घोषणापत्राचे साक्षांकन पथकातला अधिकारीच करतो. घरच्यांनी मात्र एक पथ्य पाळावे. आजीच्या खांद्यावरून डोकावून "आई, तो वरचा, वरचा" असे सुचवू नये. आणि लक्षात असू द्या, एकदा टपाली मत मागितले की यादीत नावापुढे 'पीबी' अशी खूण होते. मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. आजीला केंद्रावर जायची हौस असेल तर फॉर्म भरूच नका. ती हौसही मोलाची आहे!

कौल हा शब्द आपल्याकडे देवळातून आला. देवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा आणि उजवी पडते की डावी ते सगळ्या गावाने पाहायचे. देवाचा कौल चव्हाट्यावर असतो, त्यातच त्याचे तेज. माणसाचा कौल मात्र झाकलेला असावा लागतो, कारण माणसाला बदली असते, मुलीची नोकरी असते, शेजार असतो. ती दोन पाकिटे म्हणजे गरीब माणसाच्या कौलाला दिलेले गर्भगृह आहे, असे मला वाटते.

ताईंनी त्या वर्षी मत दिले. कोणाला, ते मला ठाऊक नाही. त्यांच्या साहेबांनाही ठाऊक नाही. आत्ताच्या विधानसभेची मुदत २०२७ मध्ये संपते. पुन्हा आदेश येतील, पुन्हा प्रशिक्षण होईल, पुन्हा हातात ती पाकिटे पडतील. तेव्हा सूचनांचा कागद घडी घालून खिशात ठेवण्यापूर्वी एकदा वाचा. आणि वाचायला वेळच नसेल तर एवढे तरी ध्यानात ठेवा: मत आत, नाव बाहेर. सही मतावर नको, सही नावावर हवी. बाकीचे पाकिटे पाहून घेतील.